वामनकाका, तुम्ही शहराचं पाणी थांबवलंत

वामनकाका,

काल तुमची तेरवी झाली. ज्यांची ड्यूटी होती ते सोडून आपल्या पाण्याच्या केंद्रातले सगळे आले होते. जेवणं सुरू व्हायच्या आधी तुमचे एक जुने सहकारी बोलायला उभे राहिले. वामनराव म्हणजे अगदी साधा, शांत माणूस, आयुष्यात कोणाला उलटून बोलला नाही, असं ते म्हणाले. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर किंचित हसू आलं. तुम्ही किती उलटून बोलायचात ते तिथे आम्हा दोघींइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

तंबाखूचा खर्रा खाऊन कोणी गाळणीच्या हौदाजवळ आलं, की शिपाई असो नाहीतर बाहेरगावचा मोठा अधिकारी, तुम्ही त्याला फाटकापर्यंत परत पाठवायचात. थुंकून, चूळ भरून मगच आत. एका साहेबांना तर तुम्ही, येथून जाते ते लोकाइच्या पोटात जाते, एवढंच सांगितलंत आणि त्यांच्या वाटेत उभे राहिलात. ते गेले, चूळ भरून आले. त्या दिवशी मी नवीन होते आणि मला वाटलं, हा माणूस आता निलंबित होणार. तुम्ही मात्र खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत होतात.

मी भिवापूरची. मिरच्यांच्या तोडणीत वाढले, शिकून इंजिनियर झाले आणि नदीकाठच्या आपल्या जलशुद्धीकरण केंद्रात नवी यंत्रणा बसवायला आले. पाणी किती गढूळ आहे, तुरटी किती पडते, क्लोरीन किती जातो, सगळं एका पडद्यावर दिसणार होतं आणि माउसच्या एका टिचकीवर बदलता येणार होतं. मला आल्याआल्या कंट्रोल रूम पाहायची होती. तुम्ही दारात आडवे आलात. 'पहिले पानी पाह्य, पोरी. मंग कॉम्प्युटर.'

त्या दुपारी तुम्ही मला पाण्याच्या वाटेनं चालवलंत. नदीतून चहाच्या रंगाचं पाणी येतं तिथपासून सुरुवात केलीत. मग तुरटी मिसळते ती जागा, मोठे पंखे ते पाणी हळूहळू ढवळतात तो हौद. एका काचेच्या भांड्यात पाणी घेऊन तुम्ही उन्हात धरलंत आणि गाळाचे कण एकमेकांना चिकटून पुंजके कसे होतात ते दाखवलंत. पुंजके भारी झाले की तळाशी बसतात, वरचं पाणी वाळूच्या थरांतून झिरपतं, आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतो, शहरातल्या शेवटच्या नळापर्यंत पाण्याची राखण करायला. पुस्तकात मी हे सगळं वाचलं होतं. भांड्यातले पुंजके कधी पाहिले नव्हते. तुम्हाला ते नुसत्या डोळ्यांनी मोजता यायचे. तुमचे वडील उमरेडला हातमागावर बसायचे, माग बंद पडले तेव्हा तुम्ही गाळणीची वाळू धुणारा मजूर म्हणून इथे लागलात, आणि बारीक पाहायची नजर घरूनच आणलीत, असं तुम्हीच मला पुढे कधीतरी सांगितलंत. अभिमानानं सांगितलंत. वाळू धुतल्याची लाज तुम्हाला कधीच वाटली नाही.

नंतर आपलं भांडण सुरू झालं. ते आठ वर्षं चाललं.

भांडण एका बाटलीवरून होतं. तुम्ही दर तासाला बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नमुना छोट्या बाटलीत घ्यायचात, त्यात एक गोळी टाकायचात. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. मग ते तुम्ही नोंदवहीत लिहायचात. माझ्या पडद्यावर तोच आकडा दर मिनिटाला येत होता. मला तुमची बाटली म्हणजे वेळेची नासाडी वाटायची. मी तुम्हाला म्हणायची, काका, यंत्र खोटं बोलत नाही. आणि तुम्ही म्हणायचात, 'यंत्र नाही बोलत. पण यंत्राले कोनी खोटं सांगतलं, तं ते बिचारं काय करन?' मी हसायची.

आणखी एक गोष्ट होती. मी मनीषनगरहून येते. तासाभराची वाट. कुठे काही अडलं की दरवेळी धावत यायला नको, म्हणून मी कंट्रोल रूमचा कॉम्प्युटर घरूनही चालवता येईल अशी सोय करून घेतली. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीची माणसंही त्याच वाटेनं आत यायची. सगळ्यांचा पासवर्ड एकच, आणि तो विसरायला नको म्हणून एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. तुम्ही ती चिठ्ठी वाचलीत आणि मला विचारलंत, म्हणजे घरी बसून इथल्या पाइपाचा वॉल खोलता येते? मी म्हटलं, हो. 'तुले येते, तं दुसऱ्यालेही येत असन ना वं?' मी तुम्हाला इंटरनेट कसं चालतं यावर एक छोटं भाषण दिलं. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि म्हणालात, माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस.

मी ते उत्तर पुढेही दिलं नाही. उलट आठव्या वर्षी एक आदेश काढला. दर तासाची हातानं होणारी तपासणी बंद, पडद्यावरचा आकडा ग्राह्य, दिवसातून दोनदा प्रयोगशाळेनं खात्री करावी. खाली माझी सही. तुम्ही तो आदेश वाचलात, घडी घालून खिशात ठेवलात आणि तास झाल्यावर बाटली घेऊन निघालात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमच्यावर आवाज चढवला. आदेश कळत नाही का, असं मी माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला विचारलं. तुम्ही मान वर न करता नोंदवहीत आकडा लिहिला. दोन दिवस माझ्याशी बोललाच नाहीत, आणि बाटलीही सोडली नाहीत.

त्यानंतर महिनाभरानं तो दिवस आला.

मे महिना होता. सकाळचे अकरा वाजले असतील, बाहेर पाहवत नव्हतं इतकं ऊन. मी कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसले होते आणि सगळ्या खुणा हिरव्या होत्या. क्लोरीन जिथे असायला हवा तिथेच होता. तुम्ही आत आलात आणि बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवलीत. पाणी काचेसारखं पांढरं होतं, गुलाबीचा अंशही नव्हता.

गोळी जुनी असेल, असं मी म्हणाले. तुम्ही दुसरी पट्टी फोडून नवी गोळी टाकून दाखवलीत. पाणी पांढरंच राहिलं. मी पडद्याकडे बोट दाखवलं, हे बघा काका, आकडा बरोबर आहे. तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिलात आणि थोडा वेळ नुसतं पाहत राहिलात. मग म्हणालात, 'हा आकडा हालून नाही राहिला. पान्याचा आकडा कधी असा थांबते का, पोरी?'

मी पाहिलं. खरंच, शेवटचा अंकसुद्धा हलत नव्हता. एरवी तो सतत थोडा वर, थोडा खाली होत असतो. मी आतल्या नोंदी उघडल्या. कोणीतरी बाहेरून आत शिरलं होतं. क्लोरीनचं प्रमाण शून्यावर आणून ठेवलं होतं आणि पडदा जिथल्या तिथे गोठवून टाकला होता. आणि शिरलं होतं ते माझ्याच वाटेनं. घरबसल्या काम करता यावं म्हणून मी उघडून ठेवलेल्या वाटेनं.

मला काही सुचत नव्हतं, हे तुम्हाला दिसलं असणार. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि अगदी हळू सांगितलंत, बाहेरचं कनेक्शन तोड, वायर काढून टाक, रडायचं ते मग रड. मी वायर उपटली. तोवर तुम्ही पंपांकडे निघाला होतात.

पंप बंद करायचे म्हणजे काय, हे ज्यानं कधी केलं नाही त्याला कळणार नाही. भर मे महिन्यात निम्म्या शहराच्या टाक्यांकडे जाणारं पाणी थांबवायचं. आणि घाई केली तर मागे फिरलेल्या पाण्याच्या दणक्यानं मुख्य वाहिनीच फुटायची. तुम्ही एकेका पंपापुढचा वॉल दोन्ही हातांनी, तोंडानं आकडे मोजत, हळूहळू बंद केलात आणि मगच पंप थांबवलात. चौथ्या पंपाशी असताना मोठ्या साहेबांचा फोन माझ्या मोबाइलवर आला. त्यांना कोणीतरी कळवलं होतं. ते म्हणत होते, कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत पंप थांबवू नका, उन्हाळ्यात पाणी बंद म्हणजे उद्या मोर्चा येईल, कोणाच्या परवानगीनं हे चाललंय. मी फोन तुमच्या कानाला लावला, कारण तुमचे दोन्ही हात वॉलवर होते.

'साहेब, पंप मी बंद केले. माह्या नावानं लिहा. क्लोरीन नसलेलं पानी मी पुढं जाऊ देत नाही.'

तुमच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं ते, काका. मी तिथे उभी होते, हातात फोन धरून, आणि मला स्वतःची इतकी लाज आणि तुमचा इतका अभिमान एकाच वेळी कधी वाटला नव्हता.

पुढचं तुम्ही जणू रोजचंच काम असल्यासारखं केलंत. दहा वाजता तुमच्या नोंदवहीत गुलाबी होतं, अकराला पांढरं. म्हणजे फार तर तासाभराचं पाणी बिनक्लोरीनचं गेलं होतं, आणि ते अजून वाहिन्यांत आणि टाक्यांत होतं, घरांत पोचलं नव्हतं. हे गणित तुम्ही चालताचालता मांडलंत. मला सांगितलंत, सगळ्या टाक्यांवर फोन कर, खालचे वॉल कोणी उघडू नका, टाकीतल्या पाण्यात हातानं ब्लीचिंग पावडर मिसळा आणि गुलाबी झाल्याशिवाय सोडू नका. तुम्ही स्वतः तोंडावर मास्क चढवून, एका सहकाऱ्याला सोबत घेऊन क्लोरीनच्या खोलीत गेलात आणि यंत्राला बाजूला ठेवून हातानं क्लोरीन सुरू केलात. मग दर दहा मिनिटांनी बाटली. पांढरी. पांढरी. मग किंचित रंग. चौथ्या की पाचव्या बाटलीला पाणी स्वच्छ गुलाबी झालं, तेव्हा तुम्ही ती उन्हात धरलीत आणि मला हाक मारून दाखवलीत.

चार वाजता पंप पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी संध्याकाळचं पाणी शहरात उशिरा आणि कमी दाबानं आलं. कोणी आजारी पडलं नाही. एकही मूल दवाखान्यात गेलं नाही. मी नंतर बसून हिशेब लावला होता, तो तुम्हाला कधी सांगितला नाही. तुम्ही माझा आदेश पाळला असता, तर प्रयोगशाळेची पुढची तपासणी संध्याकाळी होती. तोवर ते पाणी घराघरांतल्या माठांत गेलं असतं. माझ्याही घरच्या.

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या, तांत्रिक कारणामुळे पाणीपुरवठा विस्कळीत. तुमच्या गल्लीतल्या बायकांनी तुम्हाला घेरलं, तुम्ही पाण्याच्याच ऑफिसात आहात आणि आम्हाला टँकरच्या रांगेत उभं राहायला लागतं, असं काय काय ऐकवलं. तुम्ही म्हणालात म्हणे, वॉल खराब होता. पुढच्या सोमवारी डबा खाताना तुम्ही मला हे सांगितलंत आणि पोट धरून हसलात.

समितीपुढे चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी तुम्ही मला गाळणीच्या हौदांवरच्या कठड्याशी बोलावलंत. विचारलंत, तो माणूस आत कुठून आला ते तुला माहीत आहे ना? मी म्हटलं, माझ्या वाटेनं. तुम्ही ते केव्हाच ओळखलं होतंत. मी म्हटलं, पासवर्ड सगळ्यांकडे होता, कंपनीवर ढकलता येईल. तुम्ही रागावला नाहीत. 'सांगून टाक,' म्हणालात. 'पान्याच्या कामात लपवलेली गोष्ट कोनाच्या ना कोनाच्या पोटात जातेच.'

मी सांगितलं. सगळं, माझ्या सहीच्या आदेशासकट. मला लेखी ताकीद मिळाली, एक वर्षाची वेतनवाढ गेली. समितीनं तुम्हालाही विचारलं, की बंद झालेली तपासणी तुम्ही का चालू ठेवलीत. तुम्ही माझ्याकडे न पाहता सांगितलंत की मॅडमचा आदेश होता, तो मी मोडला, माझी चूक लिहून घ्या. त्या खोलीत कोणालाच ती चूक लिहून घेता आली नाही. कोण आत शिरलं होतं, कुठून, कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती वाट मात्र कायमची बंद झाली, आणि दर तासाची बाटली नव्या आदेशानं परत आली. त्यावरही माझीच सही आहे. तुम्ही तो आदेश वाचून पहिल्यासारखीच घडी घालून खिशात ठेवलात.

त्यानंतर आपलं एकच भांडण उरलं, आणि ते तसंच राहून गेलं. माझं म्हणणं होतं, लोकांना हे कळलं पाहिजे. नळ सोडला की पाणी येतं, एवढंच त्यांना माहीत आहे. त्यामागे किती गोष्टी किती सहज बिघडू शकतात, आणि कोण त्या बिघडू देत नाही, ते त्यांना कळायला हवं. तुम्ही म्हणायचात, लोक घाबरतील, नळाचं सोडून जुन्या विहिरींचं पाणी प्यायला लागतील, आणि खरे आजारी तेव्हा पडतील. तुम्ही निवृत्त झालात तरी हा वाद चालू होता. मागच्या महिन्यात तुम्हाला भेटायला आले तेव्हा दम लागत होता तुम्हाला, तरी तुम्ही उशीला टेकून बसलात आणि वाद पुन्हा उकरून काढलात. मी म्हटलं, काका, तुम्ही बरे व्हा, मग बोलू. तुम्ही म्हणालात, मी बरा होण्याची वाट पाहू नकोस, मुद्दा सांग. मी मुद्दा सांगितला नाही. तुम्हाला दमवायचं नव्हतं. आता वाटतं, सांगायला हवा होता. तुम्हाला शेवटचं काय द्यायचं होतं, तर एक चांगलं भांडणच.

तेव्हा सांगायचं राहिलं ते एवढंच, की मला ताकीद मिळाली त्या दिवशी मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. तुम्ही समितीच्या खोलीबाहेर भेटलात आणि जणू काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणालात, चाल, उद्या नदीचं पाणी गढूळ येणार आहे, तुरटीचं प्रमाण पाहावं लागेल. मी तुमच्याबरोबर चालू लागले. राजीनाम्याचं तुम्हाला कधी कळलं नाही. निदान मला तसं वाटतं.

काल जेवणं झाल्यावर मी काकूंजवळ आत बसले होते. त्यांनी विचारलं, तो उन्हाळ्यातला वॉल खराब झाला होता तो दिवस, खरंच वॉलच होता का? मग मी तुमचं न ऐकता त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'त्या दिवशी मी ह्यायले लय बोलली. टँकरवरून पानी आनून माहे हात दुखत होते. मले काहून नाही सांगतलं?' त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, सांगितलं असतं तरी मी बोललीच असती, पण जेवायला गरम वाढलं असतं.

म्हणून हे लिहिते आहे. आपल्या वादात मी माझ्या बाजूनं एक पाऊल टाकलं, असं समजा. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.

आणि एक आजचं सांगते. तुमच्या जागी आता प्रणिता आहे. हिंगण्याच्या कारखान्यातून आलेली, दोन मुलांची आई, बोलायला तुमच्याइतकीच तिखट. आज सकाळी केंद्रात पाहुणे आले होते, मोठे लोक, आणि त्यांना पंप सुरू होताना पाहायचे होते. ते घाईत होते. मी कंट्रोल रूममधून प्रणिताला फोन केला, पडद्यावर सगळं बरोबर आहे, सुरू कर. ती म्हणाली, मॅडम, थांबा, मी पाणी पाहून राहिली. मी म्हटलं, अगं, मी सांगते आहे ना. ती म्हणाली, तुम्ही सांगितलं तरी पाहाच लागते.

पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खुर्ची ओढली आणि बसले. पाच मिनिटं आम्ही सगळे, मोठमोठी माणसं, प्रणिताची वाट पाहत बसलो.